गुळणीबाबाचा रांजण

बाबानं तोंडभर पाणी घेतलं, गाल फुगवले, डोळे वर चढवले आणि घशात ते पाणी असं खळखळवलं की पुढच्या रांगेतल्या बायकांनी आपोआप हात जोडले. मग समोरच्या परातीत पसरलेल्या शेंगदाण्यांवर फुर्रकन फवारा उडाला. त्यातले थेंब पुढच्यांच्या तोंडावरही आले. कुणी पुसले नाहीत. उलट मागच्यांनी माना पुढे काढल्या, आपल्याही वाट्याला एखादा थेंब यावा म्हणून.

शाळेतल्या विज्ञानाच्या बाई बाजारातल्या शेडच्या खांबाला टेकून हे बघत होत्या आणि त्यांना किळस येत होती. बाजाराचा दिवस, त्यामुळे सगळं गाव या शेडमध्ये लोटलं होतं. फुकट साखर वाटली असती तरी जेवढी रेटारेटी झाली नसती, तेवढी एका माणसाच्या थुंकीसाठी चालली होती.

"पाणी साधंच आहे," बाबा तोंड पुसत म्हणाला. "पण माझ्या घशातून आलं की त्यात प्राण उतरतो. विहिरीला घसा आहे का? नदीला आहे का? मला आहे."

"आहे, आहे," गर्दी म्हणाली.

मग दोघा चेल्यांनी आतल्या खोलीतून ओल्या गोणपाटाचं गाठोडं आणलं. मागच्या बाजारी बाबानं याच गावच्या पोत्यातून ओंजळभर दाणे घेतले होते, त्यांच्यावर अशीच गुळणी टाकली होती, ते आपल्या रांजणात ठेवले होते आणि मग ओल्या गोणपाटात गुंडाळले होते. आता गाठ सुटली. दाण्यादाण्याला पांढराशुभ्र मोड आला होता, बोटाच्या पेराएवढा. शेडमध्ये एकच गलका उठला. माणसांनी तोंडात बोटं घातली. बाईंच्या चुलतसासूबाई तर परातीपुढे आडव्याच झाल्या.

मोड खरे होते. पोतंही गावचंच होतं. बाईंना हेच तर कळत नव्हतं.

गोष्ट अशी होती, की या गावात पिढ्यान्‌पिढ्या शेंगा पिकायच्या आणि घरात उरेल ते बी पेरलं जायचं. शेंगा घ्यायला एकच तेलगिरणी, आणि भाव गिरणीवाला म्हणेल तो. बाईंच्या थोरल्या जाऊबाईंनी बायकांचा गट उभा केला, बियाणं केंद्रातून नव्या वाणाचं बी आणलं आणि एका बियाणं कंपनीशी बोलणी केली. शेंग तेलाला न देता बियाणं म्हणून द्यायची, भाव गिरणीपेक्षा कितीतरी चढा, अट एकच, बी उगवलं पाहिजे. पीक तर असं आलं की झाड उपटताना हाताला ओढ लागायची.

काढणी झाली आणि बायकांनी नेहमीसारखे मूठभर दाणे ओल्या गोणपाटात बांधले. बी चांगलं की वाईट हे ठरवायची गावाची रीत तीच, ताज्या शेंगेला मोड आला की बी जिवंत. या खेपेला गोणपाट उघडलं तर दाणे नुसतेच फुगलेले, मोडाचा पत्ता नाही. पुन्हा बांधले, पुन्हा तेच. बायकांच्या तोंडचं पाणी पळालं. आणि नेमका त्याच वेळी गिरणीवाल्याला गावाचा कळवळा आला आणि तो स्वतःच्या गाडीतून या गुळणीबाबाला घेऊन हजर झाला.

"हे बी मेलेलं आहे," बाबा आता डोळे मिटून सांगत होता. "मी त्यात प्राण घालतो, पण माझ्या घशाला मर्यादा आहे. एका रांजणात मावेल तेवढंच. घरटी मूठमूठ मिळेल. बाकीचं मढं घरात ठेवू नका, घराला सुतक लागेल. ते घाण्यात जाऊ दे."

"मेलेल्या मालाला भाव तो काय असणार," गिरणीवाला पुढे होऊन म्हणाला. "पण मी माणुसकी म्हणून घेतो. येत्या बाजारी ट्रॅक्टर आणतो."

"आणि एक लक्षात ठेवा," बाबानं बोट वर केलं. "बी आपलं आपण मरत नाही. ज्या हातानं निवडलं, त्या हातात खोट आहे."

एवढंच बोलून त्यानं पुन्हा डोळे मिटले. पुढचं काम गर्दीनं केलं. आधी कुजबुज झाली, मग एकेक मान मागे वळली, आणि चुलतसासूबाई मोठ्यानं म्हणाल्या, "बी निवडायला कोण बसायचं हे काय कुणाला ठाऊक नाही? आधी नवरा गेला तिचा, आता बी गेलं."

शेडच्या टोकाला जाऊबाई उभ्या होत्या. त्यांच्या आजूबाजूच्या बायका हळूच सरकल्या. शेंगा निवडताना ज्यांच्या मांडीला मांडी लागायची, त्या बायका. बाई गर्दीतून वाट काढत गेल्या, जाऊबाईंचा दंड धरला आणि त्यांना घरी घेऊन आल्या.

घरी जाऊबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राहिल्या. पीठ मळायला घेतलं होतं ते तसंच राहिलं. बराच वेळ त्या आपले तळहात उलटसुलट करून बघत होत्या.

"खरं सांग," त्या म्हणाल्या. "माझ्या हातात काही असेल का गं?"

"जाऊबाई, काहीतरीच काय बोलताय?"

"नाही, मोड आले ना त्याच्याकडे. पोतं आपलंच, बी आपलंच. माझ्या हातात मेलं आणि त्याच्या हातात उठलं. तू शिकलेली आहेस, तू सांग हे कसं."

बाईंना सांगता येईना. बाबाची किळस आली होती त्याहून जास्त किळस आता आली. ही बाई नवरा गेल्यावर कुणापुढे रडली नव्हती, शेतात उभी राहून तिनं पीक काढलं होतं, आणि एका माणसानं चूळ भरून टाकल्यावर ती स्वतःच्या हातांना भ्यायला लागली होती. येत्या बाजारी पोती घाण्यात गेली की गट मोडला, आणि या हातांवरचा डाग कायमचा राहिला.

"मला थोडा वेळ द्या," त्या म्हणाल्या. "आणि तोवर पीठ मळा. आम्हाला भूक लागली आहे."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत बाई एकट्या बसून विचार करत होत्या. काढणीच्या वेळचा पाऊस त्यांना आठवला. झाडं उपटून ठेवली आणि वर पाऊस पडला. जुनं बी असतं तर शेंगेतल्या शेंगेत मोड येऊन निम्मं पीक वाया गेलं असतं, दरवर्षी जायचं. यंदा एका दाण्याला मोड आला नाही, तेव्हा याच बायकांनी नव्या वाणाला डोक्यावर घेतलं होतं. पावसात उगवलं नाही म्हणून जे बी गुणाचं, तेच गोणपाटात उगवलं नाही म्हणून मेलेलं कसं?

त्यांनी तडक बियाणं केंद्रातल्या शास्त्रज्ञाला फोन लावला. सगळं ऐकून तो आधी हसला आणि मग चिडला.

"बाई, मेलं कसलं, झोपलंय ते. या वाणाचा गुणच आहे तो. काढणीनंतर काही आठवडे झोपतं, मग आपलं आपण उठतं. पेरणीपर्यंत चोख उगवेल. बी वाटलं त्या दिवशी मी घसा फोडून सांगितलं होतं."

बाईंना तो दिवस आठवला. तो सांगत होता आणि अख्खा गाव पिशव्यांच्या रांगेत नंबर धरण्यात गुंग होता. रांगेबाहेर उभा राहून ऐकत होता तो एकटा गिरणीवाला.

"आणि लवकर उठवायचं असेल तर?"

"प्रयोगशाळेत आम्ही एक वायू देतो. पिकणाऱ्या फळातून सुटतो ना, तोच. पण गावात कोण कशाला त्या भानगडीत पडेल?"

संध्याकाळी बाई पदरात मूठभर दाणे घेऊन बाबाच्या दर्शनाला गेल्या. गिरणीवाल्याच्या गोदामामागच्या खोलीत त्याचं बस्तान होतं. दाराशी भक्तांनी आणलेल्या पिकल्या केळ्यांचे घड रचले होते. बाबाला केळीच लागायची. पेरू आणणाऱ्याला चेले परत पाठवत होते.

"अरे वा, शाळा पण आली," बाबा म्हणाला. "विज्ञान कुठे संपतं माहीत आहे का, बाई? माझ्या घशाशी."

"म्हणून तर आले, महाराज," बाई म्हणाल्या.

बाबानं गुळणी केली आणि त्यांच्या ओंजळीवर फवारा सोडला. कोमट. पानतंबाखूचा वास असलेला. बाईंनी दात आवळून तो सोसला. चेल्यानं दाणे रांजणात टाकायला हात पुढे केला तेव्हा निम्मे त्याला दिले आणि निम्मे पदराच्या गाठीत बांधून घेतले. रांजण कोपऱ्यात होता, तोंडाला लाल फडकं बांधलेलं. वर पाटी नव्हती, पण प्रत्येक भक्ताला चेले बजावत होते, रांजणात जो डोकावेल त्याचे डोळे जातील. त्या फडक्याभोवती चिलटं घोंघावत होती. आणि वास येत होता, गोडसर, आंबूस, सडका.

"दिव्य सुगंध," शेजारची बाई डोळे मिटून म्हणाली.

बाई तिथून निघाल्या त्या थेट फळवाल्याकडे गेल्या आणि सालीवर काळे ठिपके पडलेली केळी घेऊन घरी आल्या. वाटेत त्यांनी नळावर कोपरापर्यंत हात धुतले.

"जाऊबाई, पोत्यातले मूठभर दाणे निवडून द्या," त्या म्हणाल्या.

"मी नको. तूच घे."

"तुम्हीच द्यायचेत. तुमच्याच हातचे हवेत."

जाऊबाईंनी दाणे निवडले, पण बाईंच्या हाताला हात न लावता ते ताटलीत ओतले. बाईंनी तीन सारखे डबे घेतले. एकात बाबानं फवारलेले दाणे, बाकी काही नाही. दुसऱ्यात पोत्यातले दाणे जसेच्या तसे. तिसऱ्यात जाऊबाईंनी निवडलेले, खाली केळी ठेवून. झाकणं घट्ट लावली. काही दिवसांनी तिन्ही डब्यांतले दाणे वेगवेगळ्या ओल्या फडक्यांत बांधले. बाजाराच्या सकाळी फडकी उघडली तेव्हा जाऊबाई आधी ती निरखायला खाली वाकल्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या रडल्या, नवऱ्यासाठी रडल्या नव्हत्या तशा.

शेडमध्ये ट्रॅक्टर लागला होता. पोती काट्यावर चढत होती, उतरत होती आणि गिरणीवाला हमालांच्या मागे मागे फिरत होता.

"हळू टाक रे. आपटू नकोस. टरफल फुटता कामा नये."

बाबा उंच बाकावर गादी टाकून बसला होता आणि रांजण त्याच्या पायाशी होता. आज घरटी मूठ वाटायची होती. बाई तिन्ही फडकी आणि ताट घेऊन पुढे गेल्या, मागे जाऊबाई. चुलतसासूबाई लगेच आडव्या आल्या.

"हिला कशाला आणलीस इथे? आणखी काय मारायचं राहिलंय?"

"सासूबाई, थोडं थांबा. महाराजांना एकच विचारायचं आहे. महाराज, प्राण तुमच्या गुळणीत आहे की रांजणात?"

बाबा हसला. "रांजण मातीचा, बाई. प्राण माझ्या घशात."

"नक्की?"

"आता काय लिहून देऊ?"

"नको. हे तुम्ही फवारलेले दाणे. तुमच्या खोलीत, भक्तांसमोर फवारलेत. फक्त रांजणात न ठेवता माझ्या डब्यात ठेवले." बाईंनी पहिलं फडकं उघडून ताटात पसरलं. दाणे फुगलेले होते, मोड एकालाही नव्हता. वर मात्र हिरवट बुरशी धरली होती, आणि पुढे वाकलेल्या दोघातिघांनी नाकं दाबली. "प्राण आलाच असेल, तर बुरशीत आलाय."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. बाबाचा चेहरा उतरला, पण जीभ सैल होती. "श्रद्धा नव्हती तुमची. संशयी ओंजळीत प्राण थांबत नाही."

"बरं. हे दुसऱ्या डब्यातले, पोत्यातले नुसतेच दाणे, यांनाही मोड नाही. आता या ओंजळीचं बघू. हिच्यावर तर कुणीच फवारलं नाही." तिसरं फडकं उघडलं. दाण्यादाण्याला मोड होता, बाबाच्या मोडांइतकाच पांढरा आणि थोडा लांबच. "आणि हे दाणे निवडले आहेत माझ्या जाऊबाईंनी. याच हातांनी."

लोक पुढे सरकून ताटात बघू लागले. पोतं पाठीवर घेतलेला हमालसुद्धा तसाच थांबला.

"काहीतरी करणी आहे ही," चुलतसासूबाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज खाली आला होता.

"करणी नाही, सासूबाई, केळी आहेत. हे बी झोपलेलं आहे. काढणीनंतर थोडे दिवस झोपायचा त्याचा गुणच आहे. तेवढ्यासाठीच ते पावसात उगवलं नाही. तेव्हा आनंदानं नाचलात की सगळ्याजणी. पिकल्या फळातून एक वायू सुटतो, तो कोंडून ठेवला तर बी लवकर जागं होतं. कच्ची फळं पेटीत घालताना एक पिकलेलं फळ आपण ठेवतोच की. महाराजांच्या रांजणातही तेच आहे."

"माझ्या रांजणात प्रसादाशिवाय काही नाही," बाबा गरजला. "पण डोकावू नका. डोळे जातील."

इथे चुलतसासूबाईंचा अभिमान दुखावला. इतके दिवस त्यांनी या बाबासाठी घरोघरी प्रचार केला होता, आता तो खोटा ठरला तर त्यांचं नाक कापलं जाणार होतं.

"महाराज, मी काही डोकावत नाही," त्या पदर खोचत म्हणाल्या. "मी डोळे मिटून हात घालते. एकदाच हिचं तोंड बंद होऊ दे."

"हात घालू नका, आई..."

पण म्हातारीनं फडकं सोडून कोपरापर्यंत हात घातलासुद्धा. तिचा चेहरा आधी भाविक होता. मग गोंधळला. मग आंबट झाला. तिनं हात बाहेर काढला तेव्हा बोटांना काळा चिकट लगदा लागला होता, मुठीत सडकी सालं लोंबत होती आणि रांजणातून चिलटांचा थवा उठून पुढच्या रांगेच्या नाकातोंडात शिरला. मागोमाग तो दिव्य सुगंध शेडभर पसरला. लोक खोकत मागे हटले. एक बाई भिंतीकडे तोंड करून ओकली. ज्यांनी तोंडावरचे थेंब पुसले नव्हते ते आता बाह्यांनी गाल घासत होते.

"शी," चुलतसासूबाई म्हणाल्या. त्यांनी हात अंगापासून लांब धरला.

गिरणीवाल्यानं तोवर ट्रॅक्टरवाल्याला डोळ्यानं खूण केली होती.

"जाताय का?" बाईंनी त्याला अडवलं. "एक सांगून जा. घाण्यात घालायला शेंग फोडावीच लागते ना? मग टरफल फुटू नये म्हणून हमालांच्या मागे का फिरत होता?"

"माल आहे, जपायला नको?"

"तेलाची शेंग कुणी एवढी जपत नाही. बियाण्याची जपतात. काही आठवड्यांनी हे बी आपोआप जागं झालं असतं, आणि पेरणीच्या तोंडावर हेच तुम्ही चढ्या भावानं आमच्याच गळ्यात मारलं असतं."

पोतं घेतलेल्या हमालानं ते सावकाश काट्याशेजारी उतरवून ठेवलं. "मघाशी मलाच बोलले, आपटू नकोस म्हणून," तो म्हणाला. "मलाही नवल वाटलं होतं."

गिरणीवाला ट्रॅक्टरच्या आडोशाला सरकला. बाबानं गादी काखोटीला मारली आणि काढता पाय घेतला. चार दांडगी पोरं त्याला हाणायला धावली, तेव्हा बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"हात लावायचा नाही. पोलिसांना मी सकाळीच बोलावलंय, ते बघतील. आणि तुम्ही कुठल्या तोंडानं मारणार? मागच्या बाजारी त्याच्या थुंकीसाठी माना कुणी लांब केल्या होत्या?"

पोरं थबकली. बाईंना आता त्या दुर्गंधीची, त्या तोंडांची, सगळ्याचीच शिसारी आली होती, आणि ती त्यांनी लपवली नाही.

"मी तुम्हाला विज्ञान शिकवत बसत नाही," त्या म्हणाल्या. "एवढंच करा. कुणी म्हणालं माझ्यामुळे झालं, तर त्याला म्हणा, थांब, तुझ्याशिवाय होतंय का ते आधी बघू. दोन डबे ठेवा. एकात त्याला हवं ते करू दे, दुसऱ्याला कुणी हात लावायचा नाही. मग उघडून बघा. यासाठी शाळा लागत नाही आणि पैसाही लागत नाही. आणि कुणी डोकावू नका म्हणालं, तर आधी तिथेच डोकावा."

लोक माना खाली घालून ऐकत होते. मग एकेकजण जाऊबाईंकडे वळला. कुणी हात जोडले, कुणी नुसतंच हसल्यासारखं केलं. चुलतसासूबाई हात पदराला पुसत जवळ आल्या.

"थोरले, मनाला लावून घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. "त्या मेल्यानं आम्हा सगळ्यांना फसवलं. त्यानंच तुझ्यावर आळ घेतला बघ."

जाऊबाईंनी शांतपणे त्यांच्याकडे बघितलं.

"सासूबाई, तो मला ओळखतही नव्हता. तो नुसतं हात म्हणाला. तो हात माझा आहे, हे तुम्ही सांगितलंत."

म्हातारी हात पुन्हा पदराला घासू लागली. मागे उभ्या बायकांपैकी एकीनंही वर बघितलं नाही. जाऊबाई ट्रॅक्टरपाशी गेल्या आणि पोती उतरवून घ्यायला हमालांना सांगू लागल्या.